भाड्याचें घर
(धर्मग्रामाच्या सुवर्णमहोत्सवी सभेंत केलेलें भाषण)



महोत्सवाच्या प्रसंगीं धर्मगुरूनें चर्चच्या इमारतीविषयीं बोलावें, पाया कोणीं घातला, घंटा कोणीं दिली, वेदीसाठीं वर्गणी कशी जमली हें सांगावें, असा आपल्याकडे प्रघात आहे. तें सर्व आमच्यापेक्षां अधिक माहीतगार मंडळींनीं या स्मरणिकेंत लिहिलेंच आहे. आम्हीं आज देवाच्या घराविषयीं न बोलतां, त्या घरांत येणाऱ्या माणसांच्या घराविषयीं बोलण्याचें योजिलें आहे. आणि त्यांतही भाड्याच्या घराविषयीं. विषय ऐकून कोणी हंसेल. फादरांना घरभाड्याशीं काय कर्तव्य, त्यांना तर राहावयास बंगला फुकट, ही थट्टा आम्हीं ऐकिली आहे आणि ती खरी आहे. पन्नाशी उलटली तरी आम्हीं आयुष्यांत एकदांही भाडें भरलेलें नाहीं. ही गोष्ट आमच्या ध्यानांत यावयास इतका उशीर लागला, त्याचें कारणही कदाचित् हेंच असेल.

प्रेषितांचीं कृत्यें हा ग्रंथ कोठें संपतो, हें आपणांपैकीं किती जणांच्या लक्षांत आहे? तो मंदिरांत संपत नाहीं, राजदरबारांतही संपत नाहीं. रोम शहरांतील एका भाड्याच्या बिऱ्हाडांत तो संपतो. संत पौल तेथें शिपायाच्या पहाऱ्यांत पुरीं दोन वर्षें राहिला, स्वतःच्या खर्चानें राहिला, आणि जो कोणी भेटावयास येई त्याचें स्वागत करीत राहिला. ख्रिस्तसभेचा पहिला इतिहास असा भाड्याच्या जागेंत येऊन थांबतो. त्या जागेच्या मालकाचें नांव ग्रंथकारानें दिलेलें नाहीं. पण पायांत बेडी असलेल्या परक्या ज्यू माणसाला, त्याच्याबरोबर दाराशीं शिपाई बसणार हें ठाऊक असतांना, ज्यानें जागा दिली त्या अनाम रोमकराची आठवण आम्हांस अलीकडे वारंवार येते.

आतां आपल्या वसईकडे वळूं. दक्षिणेस खाडी, उत्तरेस वैतरणा, पश्चिमेस समुद्र अशा या पट्ट्यांतून विरारहून मुंबईकडे पहिली गाडी सुटली ती १८६७ सालच्या एप्रिल महिन्यांत. त्या वेळेपासून आपले वाडवडील त्या गाडीनें भाजी, केळीं, विड्याचीं पानें आणि फुलें घेऊन मुंबईच्या बाजारास जात आले. पुढें १९३६ सालीं विजेची गाडी विरारपर्यंत आली, २००७ सालीं बोरिवली ते विरार चार रूळ झाले, आणि वसई रोड ते चर्चगेट हें सुमारें ५२ किलोमीटरांचें अंतर रोज सकाळीं जाऊन रोज रात्रीं परत येण्यासारखें झालें. मध्यंतरीं, १९८८ सालच्या सुमारास, शासनानें येथील मोठा भूभाग बांधकामास मोकळा केला. त्याविरुद्ध हरित वसईची चळवळ उभी राहिली, आणि आपलेच धर्मबंधु फादर फ्रान्सिस दिब्रिटो यांनीं तिचें नेतृत्व केलें, हा इतिहास येथें बसलेल्या वडीलधाऱ्यांनीं स्वतः भोगलेला आहे. तो त्यांना आम्हीं सांगण्याचें कारण नाहीं. चळवळीनें पुष्कळ वांचविलें, पुष्कळ गेलें. २०११ च्या जनगणनेंत वसई-विरार महानगरपालिकेच्या हद्दींत बारा लाखांहून अधिक माणसें मोजलीं गेलीं. पूर्वीं गाडीनें आपली भाजी मुंबईस जात असे, आतां त्याच गाडीनें मुंबईचीं माणसें राहावयास आपल्याकडे येतात.

हीं माणसें कोण आहेत, हें स्टेशनाच्या पुलावर सकाळीं उभें राहिल्यास दिसतें. अंधेरीच्या खोलीचें भाडें ज्यांना परवडलें नाहीं असें नवविवाहित जोडपें, ज्यांची जुनी चाळ पाडली असून नवी इमारत अद्याप उभी राहिली नाहीं असे कुटुंबवाले, रुग्णालयांतल्या परिचारिका, बँकेंतले कारकून, रात्रपाळीचे रखवालदार. तास-सव्वा तासाच्या उभ्या प्रवासाच्या मोबदल्यांत हे लोक भाड्याचे कांहीं हजार रुपये वांचवितात. स्टेशनाजवळची खोली महाग. जितकें समुद्राकडे किंवा डोंगराकडे जावें तितकी ती स्वस्त. पण मग शेअर रिक्षाचे पैसे वाढतात, आणि रात्रीं साडेअकरानंतर रिक्षा मिळत नाहीं ती गोष्ट वेगळीच.

आणि त्यांचे घरमालक कोण? बंधुभगिनींनो, त्यांचे घरमालक पुष्कळदां आपणच आहोंत. वाडी बिल्डरला दिली, मोबदल्यांत दोन-तीन फ्लॅट आले. एकांत आपण राहिलों, दुसरा मुलासाठीं ठेवला, मुलगा आखातांत गेला म्हणून तो भाड्यानें दिला. काल ज्याच्या हातीं कुदळ होती तो आज घरमालक झाला. हा धंदा त्याला कोणीं शिकविला नाहीं, आणि त्याच्या चर्चनेंही त्याविषयीं कधीं अवाक्षर काढिलें नाहीं. व्याभिचाराविषयीं आम्हीं प्रवचनें केलीं, दारूविषयीं केलीं, डिपॉझिटाविषयीं एकही केलें नाहीं.

आम्ही या धर्मग्रामांत नुकतेच आलों असतां तलासरीकडील एक आदिवासी ख्रिस्ती मुलगी कार्यालयांत आली. तिच्या गांवच्या धर्मगुरूंचें पत्र तिच्या हातीं होतें. येथील एका रुग्णालयांत ती परिचारिका म्हणून लागली होती आणि तिला राहावयास खोली हवी होती. आम्हीं तिला चार पत्ते दिले. पहिल्या ठिकाणीं तिला सांगण्यांत आलें कीं, एकटी मुलगी आणि तीही रात्रपाळीची, सोसायटी परवानगी देणार नाहीं. दुसऱ्या ठिकाणीं मासळी शिजविणारा भाडेकरू नको होता. तिसरें घर आपल्याच एका धर्मबांधवाचें. त्यांनीं तिला चहा दिला, गांव विचारलें, आडनांव विचारलें, वडील काय करतात तें विचारलें, आणि मग खोली कालच गेली म्हणून सांगितलें. त्यानंतर जवळजवळ महिनाभर त्या गॅलरींत ‘भाड्यानें देणें आहे’ ही पाटी लोंबत होती. आजाऱ्यांस ख्रिस्तशरीर द्यावयास आम्ही त्याच रस्त्यानें जात असूं, आणि ती पाटी रोज पाहत असूं. आम्ही कांहीं बोललों नाहीं.

चौथें घर एका विधवा मावशींचें. त्यांनीं खोली दिली. डिपॉझिट तीस हजार, भाडें महिना सात हजार. कागद नाहीं, पावती नाहीं, सारें तोंडी, कारण मध्यें फादर होते. दहा महिने सुरळीत गेले. मग मावशींचा मुलगा परत यावयाचा ठरला आणि मुलीला पंधरा दिवसांत खोली सोडावी लागली. डिपॉझिटांतून भिंतींच्या रंगाचे म्हणून बारा हजार कापले गेले. ती आमच्याकडे आली. आम्हीं तिला काय सांगितलें तें लपविण्यांत अर्थ नाहीं. आम्ही म्हणालों, “बाळ, त्या आपल्याच मावशी आहेत, चर्चच्या माणसांत पैशाचा तंटा बरा नव्हे, सोडून दे.” ती कांहीं न बोलतां उठली. शांतता राखिली, असें आम्हांस त्या रात्रीं वाटलें होतें.

येथें थोडें कायद्याविषयीं बोलणें भाग आहे, कारण घरमालकाच्या मनांत जें भय आहे तें अगदींच निराधार नाहीं. १९४७ च्या मुंबई भाडे-नियंत्रण कायद्यानें भाडीं गोठलीं, भाडेकरूस काढणें जवळजवळ अशक्य झालें, आणि म्हणून पागडी जन्मास आली. पुढें कायद्यांतून सुटण्यासाठीं मालक भाडेकरू न म्हणतां ‘लायसन्सी’ म्हणूं लागले. तर १९७३ सालीं, त्या वर्षीं १ फेब्रुवारीस जे असे राहत होते त्यांनाही कायद्यानें भाडेकरूच ठरविलें. जागा एकदां दिली कीं गेली, ही समजूत तेव्हांपासून घराघरांत बसली आहे. पण १९९९ चा महाराष्ट्र भाडे-नियंत्रण कायदा २००० सालच्या ३१ मार्चला अंमलांत आला त्यालाही आतां पाव शतक झालें. त्याच्या २४ व्या कलमानें लीव्ह अँड लायसन्सची मुदत संपतांच मालकास जागा परत मागतां येते, आणि जो सोडीत नाहीं त्याला दुप्पट भाडें भरावें लागतें. भय मात्र जुन्याच कायद्याचें चाललें आहे.

त्याच कायद्याचें ५५ वें कलम मालकांनीं नीट ऐकावें. करार लेखी हवा आणि नोंदलेला हवा, आणि तो नोंदविण्याची जबाबदारी मालकाची आहे. न नोंदविल्यास तीन महिन्यांपर्यंत कैद किंवा पांच हजार रुपयांपर्यंत दंड, अथवा दोन्ही. शिवाय नोंदलेला कागद नसेल तर अटींविषयीं भाडेकरू जें म्हणेल तेंच खरें मानलें जाईल, मालकानें उलट सिद्ध केलें नाहीं तर. पुष्कळांची अशी समजूत आहे कीं, अकरा महिन्यांचा करार नोंदवावा लागत नाहीं. वर्षापेक्षां अधिक मुदतीचा भाडेपट्टा नोंदवावा असें १९०८ चा नोंदणी कायदा म्हणतो, त्यावरून ही अकरा महिन्यांची चाल पडली. आपल्या राज्यांत तिला आतां कांहीं अर्थ उरलेला नाहीं. अकरा महिन्यांचा असो वा तीन वर्षांचा, नोंदवावाच लागतो. खर्च म्हणाल तर बारा हजार भाडें आणि पन्नास हजार डिपॉझिट असलेल्या खोलीचा अकरा महिन्यांचा मुद्रांक चारशें रुपयांच्या आंत-बाहेर, आणि वर नोंदणीची फी. दलालाला आपण एका महिन्याचें भाडें मुकाट्यानें देतों, त्यापुढें ही रक्कम कांहींच नव्हे. अंगठ्याचा ठसा देऊन हें काम आतां घरबसल्या होतें.

त्या कागदावर काय असावें? मेंटेनन्स कोणीं भरावा, वीज-पाण्याचें बिल कोणाचें, किती दिवस आधीं सांगून जागा सोडावी वा सोडवावी, डिपॉझिट कोणत्या दिवशीं परत द्यावें. आणि रंग. आम्ही हा शब्द मुद्दाम वेगळा उच्चारतों. भांडण भाड्यावरून क्वचित् होतें, रंगावरून नेहमीं होतें. खोलींत पाऊल टाकण्यापूर्वीं भिंतींचीं, नळांचीं आणि मीटरच्या आंकड्याचीं छायाचित्रें दोघांनींही काढून ठेवावींत. हल्लीं प्रत्येकाच्या खिशांत यंत्र आहे. सोसायटी भाडेकरू ठेवल्याबद्दल मालकाकडून जादा शुल्क घेते, तें सेवाशुल्काच्या दहा टक्क्यांहून अधिक असतां कामा नये, असा शासनाचा २००१ चा आदेश आहे. तोही पुष्कळांना ठाऊक नसतो आणि तो भार हळूच भाडेकरूच्या डोक्यावर येतो.

आपली ती मुलगी तेथून नालासोपाऱ्याच्या पूर्वेस गेली. खोली मोठी, भाडें कमी, कोणी आडनांव विचारलें नाहीं. स्वस्त घर स्वस्त कां, हा प्रश्न गरिबानें विचारावयाचा नसतो. मिळालें हेंच त्याला पुष्कळ. तरी पण आम्ही भाडेकरू बंधुभगिनींना कळकळीनें सांगतों कीं, तो विचारा. तळमजल्याची खोली शेजारच्यांपेक्षां हजार रुपयांनीं स्वस्त असेल आणि कमरेपर्यंतच ताजा रंग दिसत असेल, तर २०१८ च्या जुलैंत येथें पाणी कोठवर आलें होतें तें वाण्याला विचारा. त्या पावसांत नालासोपाऱ्याला रूळ बुडाले आणि गाड्या बंद पडल्या, हें आपण विसरलेलों नाहीं. मिठागरें आणि खाजणें भरून जेथें इमारती उठल्या, तेथें पाणी आपली जुनी वाट शोधीत येतेंच. नळाला पाणी किती वेळ, टँकर कोणाच्या पैशानें, हें शेजारणीला विचारावें, दलालाला विचारूं नये. आणि इमारतीला महापालिकेची बांधकाम-परवानगी व भोगवटा प्रमाणपत्र आहे काय, हें तर विचाराच विचारा.

हें आम्ही उगाच सांगत नाहीं. २०२५ सालच्या आरंभापर्यंत उच्च न्यायालयाच्या आदेशावरून नालासोपाऱ्यांतील ४१ अनधिकृत इमारती पाडण्यांत आल्या. सांडपाणी-प्रकल्पासाठीं आणि कचराभूमीसाठीं राखलेल्या जागेवर त्या उभ्या होत्या. त्याच वर्षीं ऑगस्टच्या २६ तारखेच्या रात्रीं विरारला परवानगी नसलेली एक चार मजली इमारत कोसळली आणि १७ जीव गेले. बांधणाऱ्यानें पैसे केले आणि विकणारा निघून गेला. ढिगाऱ्याखालीं सांपडलीं तीं तेथें राहणारीं माणसें.

मुलगी राहत होती ती इमारत वेगळी. पण तिलाही नोटीस लागली. ज्यांनीं तेथें घरें विकत घेतलीं होतीं ते मोर्चे घेऊन गेले. भाडेकरूला मोर्च्यांतही जागा नसते. तिचें डिपॉझिट ज्याच्याकडे होतें तो फोन उचलीना. ती पुन्हां एकदां आमच्या कार्यालयांत आली, पैशासाठीं नव्हे, नव्या खोलीकरितां पत्र हवें होतें. मागच्या वेळचें तिनें कांहीं काढिलें नाहीं. आम्हांला मात्र सारें आठवलें. आम्हीं कपाट उघडून बारा हजार रुपये तिच्यापुढें ठेविले. तिनें ते हातानें परत सारले आणि म्हणाली, “फादर, हे तुमच्याकडे नव्हते.”

तिला विचारून आम्ही मावशींकडे गेलों. आमच्या मनांत थोडा राग होता, तो घेऊनच गेलों. मावशींनीं पेटी उघडली आणि त्यांतून रंगाऱ्याची पावती काढिली. चौदा हजारांची. आपण पोरीवर दोन हजारांची मेहेरबानी केली, असें त्या माउलीला इतकीं वर्षें वाटत होतें! नवरा गेल्यानंतर त्या भाड्यावरच तिचें औषधपाणी चाललें होतें, हें आम्हांस तेव्हां समजलें. तिचे धर्मगुरु असून समजलें नव्हतें. दहा महिन्यांनंतरचा रंग कोणाच्या खर्चानें, हें कोणीं ठरविलेंच नव्हतें, कारण कागद नव्हता. आणि कागद नव्हता, कारण मध्यें आम्ही होतों. दोघी सरळ, आणि दोघींचें मन दुखावलेलें. त्या संध्याकाळीं तिघांनीं बसून हिशेब केला. भिंतींत खिळे मुलीनें ठोकले होते, तेवढे चार हजार तिच्याकडे. आठ हजार मावशींनीं परत दिले, तेही दोन हप्त्यांत. हा न्याय तंतोतंत झाला असें आम्ही म्हणत नाहीं. पण दोघींनीं तो मान्य केला.

१९८७ सालीं, संयुक्त राष्ट्रांनीं बेघरांसाठीं वाहिलेल्या वर्षांत, रोममधील न्याय व शांति आयोगानें घरांच्या प्रश्नावर एक दस्तऐवज प्रसिद्ध केला. आपल्या बेघर भावाचें तूं काय केलेंस, असा प्रश्नच त्याचें शीर्षक आहे. घर ही केवळ बाजारांतली वस्तु नव्हे, ती माणसाच्या हक्काची गोष्ट आहे, असा त्याचा आशय. पदवीच्या वर्षांत आम्हीं हें सेमिनरींत वाचलें होतें, परीक्षेंतही लिहिलें होतें. परंतु आमच्याच कार्यालयांतल्या कुटुंबांच्या नोंदवहींत काय लिहिलें आहे, तें पाहावयास आम्हांस पुष्कळ काळ लागला. त्या वहींत स्वतःचें घर असलेल्या कुटुंबांचीं नांवें शाईनें लिहिलेलीं होतीं आणि भाडेकरूंचीं शिसपेन्सिलीनें. अकरा महिन्यांत जाणारच, मग पान कशाला खराब करा, असा त्यांत हिशेब. कोणाचा वाईट हेतु नव्हता. पण सणाची वर्गणी त्यांच्याकडून घेतली जाते, मुलांचें पहिलें ख्रिस्तशरीर येथेंच होतें, मयत झाल्यास माती येथेंच मिळते. यंदाच्या महोत्सवी वर्षांत आम्हीं तीं सर्व नांवें शाईनें लिहविलीं. त्यांतील कांहीं कुटुंबें आज या सभेंतही आहेत. कांहीं जाऊनही चुकलीं, त्यांचीं नांवें मग पत्ता नसतांना शाईनें लिहिलीं गेलीं.

दुसरी एक वही आतां व्हिन्सेंट डी पॉल सोसायटीच्या सभासदांनीं सुरू केली आहे. जिला खोली द्यावयाची आहे तिनें त्यांत लिहावी, ज्याला हवी आहे त्यानें ती पाहावी, दलालीशिवाय. वहींत खोली लिहितांना करार नोंदवूं, डिपॉझिट पंधरा दिवसांत परत देऊं आणि त्यांतून कांहीं कापल्यास पावती दाखवूं, एवढें कबूल करावें लागतें. आडनांवाचा रकाना त्या वहींत ठेवलेला नाहीं. यावर एका सद्गृहस्थांनीं आम्हांस विचारलें कीं, मग माणूस आपल्यांतला कीं कसा तें कळावें कसें? आम्हीं त्यांना म्हटलें कीं, पोलीस-ठाण्यांत भाडेकरूची माहिती द्यावयाचीच आहे, ओळखपत्र तेथें लागतेंच, तेवढी ओळख पुरेशी धरावी. ते समाधान पावले असें वाटलें नाहीं.

आजपर्यंत त्या वहींत पांच खोल्या लिहिल्या गेल्या आहेत. गॅलरींत पाटी लावणारे अद्याप आलेले नाहींत. त्यांची वाट पाहत आहोंत. पांचवी खोली मावशींची आहे, कारण मुलगा पुन्हां आखातांत गेला. रंगाचा खर्च मालकाचा, ही ओळ त्यांनीं स्वतःच्या अक्षरांत लिहून आणली. वही शनिवारीं संध्याकाळीं पांच ते सात या वेळांत कार्यालयांत पाहावयास मिळेल. मात्र खोली लिहावयास येणाऱ्यांनीं वीजबिल बरोबर आणावें.